दाजी मागावर बसतात

आमच्या दाजींइतका काटेकोर माणूस बेळगावात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये असं आमच्या आक्काचं मत आहे. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. कॉलेजात ते संगणकाची एक फार कडक भाषा शिकवत. त्या भाषेत अंतराच्या आकड्यात वजनाचा आकडा मिळवला की प्रोग्राम जागचा हलत नाही. दाजींनी हाच कायदा घरालाही लावला होता. 'दोन वाट्या डाळ नि दोन वाट्या पाणी, झाल्या चार,' असं आक्का म्हणाली की ते हातातला पेपर खाली ठेवत. "डाळ-पाणी कुकरात मिळवा. हिशोबात न्हाय मिळवायचं." कडोली किती लांब आहे, असं मी एकदा सहज विचारलं, तर "वेळात सांगू का अंतरात, पाव्हणं?" यावरच बोलणं एवढं लांबलं की आमची बस गेली.

रंगात आले की ते त्या भाषेत जुन्या प्रकारातून नवा प्रकार कसा काढायचा ते समजावत. साध्या आकड्यापासून 'अंतर' नावाचा वेगळा प्रकार काढायचा. तो आकड्यांत मिसळत नाही, पण आकड्याच्या सगळ्या क्रिया त्याला येतात. "बेरीज येती, वजाबाकी येती. एक ओळ शिकवावी लागत न्हाय. बापाचं सगळं पोराला आयतं!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की समोरचा चहा गार व्हायचा.

याच विश्वासापायी ते एकदा तोंडघशी पडले. त्यांचे वडील, आप्पा, बेळगावातल्याच शहापुरात हातमागावर साड्या विणत. नातीच्या, म्हणजे दाजींच्या लेकीच्या, लग्नासाठी विणायला घेतलेली साडी अर्धी झाली आणि आप्पांची नजर गेली. साडी तशीच मागावर, आणि लग्न जवळ आलेलं. जन्मात मागाला हात न लावलेले दाजी "मला येतंय की" म्हणून बसले. पहिल्याच फटक्याला आडवा धागा नेणारा धोटा सुटला तो थेट आक्काच्या पायाशी. "अहो, सोडा की! दुसऱ्या कुणाकडनं तरी विणून घेऊया," ती म्हणाली. आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. बोलून दाखवलं नाही त्यांनी, पण ती साडी परक्या हातानं पुरी व्हावी असं त्यांना वाटत नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

दाजी उठले नाहीत. रजा टाकून रोज आप्पांच्या शेजारी बसू लागले. आप्पा नुसत्या आवाजावरून सांगत, "सैल मारलास. उसव." अख्खा वर्ग गप्प करणारे दाजी मुकाट्यानं उसवत.

लग्नाच्या आदल्या दिवशी साडी मागावरून उतरली. आप्पांनी तिच्यावरून हळूहळू बोट फिरवलं आणि एका जागी थांबले.

"हितनं म्होरं तू व्हय रं?"

"व्हय, आप्पा."

"बरं विणलंयस. बसायला लई उशीर केलास."

कुणाच्याही बोलण्यात चूक काढणारे दाजी साडीची घडी घालू लागले.

आप्पा जाऊन आता बरेच दिवस झाले. दाजीही निवृत्त झाले. शहापुरातल्या घरी ते अजून मागावर बसतात आणि मी गेलो की मला आप्पांच्या जागी भिंतीला टेकून बसवतात. "ऐका बघू पाव्हणं, सैल पडलं का?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी कधी कधी मी उगाच "व्हय" म्हणतो. मग ते किती समाधानानं उसवायला घेतात!