तोंडाने पाणी नाही

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि दुष्काळही त्याच्याबरोबरच आल्यासारखा होता. आमच्या दवाखान्यात चार खाटांचा अतिदक्षता विभाग उघडला, मी तिथली इन्चार्ज सिस्टर. यंत्रं आली, पडदे आले. नळाला पाणी तेवढं येईना.

पाळी संपली की पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची, याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणायचो. पण क्वार्टर्समध्ये टँकर यायचा तो नेमका दुपारी, पाळी बदलताना. हॉर्न वाजला की जाणारी येणारीला जिन्यातच गाठायची. “एकला सलाईन, दोनचा बीपी बघ, बाकी ठीक. पळते गं, नाहीतर घागर कोरडी!”

देवणीकडची एक म्हातारी तीन नंबरच्या खाटेवर आली. अर्धांगवायू. गिळणं गेलेलं, पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाणार. नाकातून नळी संध्याकाळी घालायची होती. केसपेपरवर सगळं होतं. जिन्यात सांगायचं राहिलं, टँकर आला होता.

दुपारच्या पाळीला धर्माबादची सिस्टर होती, नवी आणि मायाळू. म्हातारी सारखं “पानी, माय” करत होती. उशाशी बसलेली सून म्हणाली, “सकाळधरनं मागायलीय. दुष्काळात बी पान्याला न्हाई म्हनत न्हाईत, बाई.”

खरंच, आमच्याकडे म्हणत नाहीत. सिस्टरने केसपेपर उचलायच्या आधी बाटली उघडली. घरून आणलेलं, पाळीभर पुरवायचं पाणी तिने चमच्याने पाजलं.

मी स्टोअरमधून परतले तेव्हा म्हातारी निळी पडत होती. सक्शन लावलं, डॉक्टर धावत आले. तेवढ्यापुरती सावरली, मग न्यूमोनियाने गेली.

डॉक्टरांनी सुनेला कारण सांगितलं. तिला ते पटलं नाही. जाताना तिने सिस्टरचा हात धरला. “तुमच्या हातचं पानी पिऊन गेली माय. लई पुन्य लागंल तुमाला.”

ते वाक्य अजून कधीही, भाजी चिरतानासुद्धा, माझ्या कानात येतं.

मी कामाला लागले. ज्या सिस्टरची सुट्टी असेल तिने टँकरवर सगळ्यांच्या घागरी भरायच्या. ओव्हर खाटेपाशीच, नातेवाइकांसमोर, मोठ्याने. येणारीने तो परत म्हणून दाखवायचा.

“पाढे म्हणायचे का आता, सिस्टर?” एकीने टोमणा मारला.

“हो, पाढेच. म्हण.”

पुढे त्याच खाटेवर तसाच एक पेशंट आला. टँकरचा हॉर्न वाजला, कुणी हललं नाही. जाणारी म्हणाली, “तोंडाने पाणी नाही.” धर्माबादच्या सिस्टरने तेच परत म्हटलं. तो माणूस पाणी मागत राहिला आणि ती ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसत राहिली. मुलगा चिडला, “पानी बी महाग झालं का इथं?” तिने कापूस पुन्हा भिजवला.

तो वाचला. गिळणं परत आलं, काठी टेकत घरी निघाला. दारात थांबून त्याने तिलाच म्हटलं, “आता तरी पाजा की घोटभर, बाई.”

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. ते हसून “द्या की” म्हणाले. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

तांब्या शेवटी मीच भरून आणला.