बुजवलेले खड्डे

"खणलेलं उघडं टाकून घरी आलं की घास गोड लागत नाही," असं आत्या एकदा म्हणाली होती.

ती टेकडीवरून कंद आणायची. काठीनं अलगद खणायचं, अर्धा कंद घ्यायचा, वेलाकडचा अर्धा परत पुरायचा, माती दाबून वर पाचोळा पसरायचा. दुसऱ्या दिवशी ती जागा तिलाही ओळखू येत नसे.

"आत्या, चोरी केल्यासारखं काय झाकतेस?"

"मग काय, जेवून उष्टं ताट तसंच ठेवू मेल्या?"

तिची आई, आजी असंच करत आल्या. पुढं टेकडी दगडाच्या खाणीला द्यायचं ठरलं. आमच्या लोकांचा तीन पिढ्यांचा वापर दिसला तरच ती वाचणार होती. मी टायपिस्ट होतो त्या सरकारी कचेरीतले साहेब पाहणीला दोन दिवस वर फिरून आले. 'वापराच्या खुणा नाहीत, पडीक,' हा अहवाल मीच टाइप केला. माझं कामच ते. एकही चूक झाली नाही.

सुनावणीला आत्या आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

"बाई, खुणा कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"बुजवल्या."

"का?"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "आठवडा देतो. वीसेक ठिकाणी खणा आणि कृपा करून बुजवू नका. फोटो फाइलला लावतो. मुदतीच्या या अर्जावर फक्त अंगठा द्या."

"मग बुजवायचे कधी?"

"निकालानंतर. वर्ष, दीड वर्ष."

"तोवर वेल वाळतील की, साहेब."

"अहो आजी, वेल बघताय की टेकडी?"

आत्या गोंधळली. वेल वेगळे आणि टेकडी वेगळी, हे तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. मीही गोंधळलो, कारण साहेबांचं मला पटत होतं.

"आत्या, हो म्हण ना," मी म्हणालो. "वीसच तर खड्डे."

शाईचा पॅड मीच तिच्यापुढं सरकवला. तिनं तो पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं, लहानपणी मला ताप आला की पाहायची तसं. मी काय चुकीचं बोललो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तिनं पॅडचं झाकण लावलं, दाबून. उठली. खुर्ची पुन्हा टेबलाला भिडवली आणि बाहेर गेली.