गोजरबाईची टोळी पाणी पिऊ लागली

पैठण रोडवरच्या आमच्या गावात कांदा काढायचा म्हटलं की आधी गोजरबाईला विचारतात. अकरा बायांची तिची टोळी. वय पंचावन्न, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या शिवारातली बाईही मान वर करते.

गेल्या एप्रिलात पारा बेचाळिसाच्या पुढे गेला. शेतकरी बन्सीच्या रानात भर दुपारी टोळीतली सुरेखा वाफ्यातच आडवी झाली. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. अंगातलं पाणी आटलंय, मूत्रपिंडावर ताण आलाय, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी ती सावरल्यावर गावची आशाताई रत्नमाला भेटायला आली. "सकाळपासून किती पाणी पिलीस?"

"घोटभर."

"हंडा तर भरलेला होता की."

सुरेखाच्या शेजारी बसलेली गोजरबाईच बोलली, "पाणी पिलं की जावं लागतं, ताई. जावं कुठं? चहूकडं सपाट रान, आडोसा नाय. म्हणून आम्ही कुणीच पीत नाय. हिला मीच शिकवलं."

तीस वर्षं ती हे सहज सांगत आली होती. त्या दिवशी सांगताना मात्र तिची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी ती बन्सीच्या दारात. "भाऊ, चार बांबू पायजेत."

"कशाला?"

"बायांच्या मुतारीला."

बन्सी सहा बांबू देऊन मोकळा झाला. गोजरबाईनं दोन जुनी लुगडी गुंडाळून बांधाला आडोसा केला. काम पहाटे साडेपाचला सुरू, अकराला बंद. दर अर्ध्या तासाला ती ओरडायची, "पाणी!" नवी आलेली तनुजा म्हणाली, तहान नाय लागली. "तहान लागल्यावर नाय, मी सांगितल्यावर प्यायचं," गोजरबाईनं तांब्या तिच्या हातात दिला.

यंदा ऊन आणखी कडक होतं. टोळी तीन गावं फिरली, आडोसा सोबत. एकही बाई पडली नाही. सुरेखा तर सगळ्यांच्या पुढं.

शेजारच्या गावची मुक्ताबाई आपल्या टोळीसाठी बांबू मागायला आली. गोजरबाईनं दिले नाहीत. "आपल्या मालकाला माग," म्हणाली, आणि मागायला स्वतःच तिच्यासोबत निघाली.