मामांकडे मागितलेलं वासरू

इतवारा पेठेतल्या एका खोलीत आमच्या वन्यजीव संस्थेचं ऑफिस आहे आणि माझं काम म्हणजे एका रानकुत्रीवर नजर ठेवणं. तिला बेशुद्ध करून गळ्यात पट्टा बांधला होता. दर तासाला तो पट्टा ती कुठे आहे ते कळवतो आणि माझ्या स्क्रीनवर लाल ठिपका उमटतो. तिच्याबरोबर असतो तेवढाच एक कळप आमच्या माहितीत आहे.

त्या सकाळी आईचा फोन आला. डोंगराच्या पायथ्याशी मामांचं केळीचं शेत आहे. तिथे आदल्या संध्याकाळी रानकुत्र्यांनी त्यांचं वासरू मारलं होतं. "मामा त्याला फवारणीचं औषध लावून ठेवणार म्हणे," आई म्हणाली. "तूच सांगितलंस ना, ती उरलेलं खायला परत येतात म्हणून?"

सांगितलं होतं. मामांच्याच घरी, शेवभाजी ओरपताना, शहाणपणा मिरवायला. पोट भरलं की माझी जीभ सैल सुटते.

नऊचा ठिपका डोंगरावर होता. दहाचा खाली, ओढ्याजवळ. खरं तर वनखात्याला कळवायला हवं होतं. नाही कळवलं, मामांना बेड्या पडल्या असत्या. मी स्कूटी काढली.

मला पाहताच मामांनी फावडं टाकलं आणि ते माझ्या पाया पडले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, मग ती कितीही नालायक असो. शेतावरचा त्यांचा कुत्रा शेपटी हलवत माझ्या अंगावर उड्या मारू लागला.

"मामा, वासरू कुठंय?"

"बांधाले पडेल आहे. तू तिकडं नको जाऊ."

"औषध लावलं?"

त्यांनी टाकलेलं फावडं उचललं. मग म्हणाले, "माय नव्हती त्याले. बाटलीनं दूध पाजून वाढवलं, बेटी. तुह्या कुत्रीच्या गळ्यात पट्टा आहे. मह्या वासराचं कोन आहे?"

मी ओरडले. कायदा सांगितला, दंड सांगितला, तुरुंग सांगितला. मामा जागचे हलले नाहीत. एवढ्यात मोबाईलवर अकराचा ठिपका आला. ओढा ओलांडून झाला होता, मध्ये फक्त दोन शेतं उरली होती.

मी किल्ली हातात घेतली. "निघते मी. भाचीला रिकाम्या हाताने पाठवता?"

मामाच्या घरून भाची कधी रिकाम्या हाताने जात नाही. साडी नाही तर केळीचा घड तरी मिळतोच. रागातसुद्धा मामा सवयीने थांबले. "बोल, काय देऊ?"

"वासरू द्या."

त्यांच्या तोंडाकडे बघवेना. घाव कुठे लागेल ते मला ठाऊक होतं आणि मी तिथेच घातला.

"चाल," ते म्हणाले आणि दोरी आणायला वळले.

दोरी लावून आम्ही वासरू ओढत नेलं. शेताच्या कोपऱ्यात एक जुना खड्डा होता, त्यात लोटलं आणि भराभर माती ओढायला लागलो. एवढ्यात केळीतून शीळ आली. रानकुत्री भुंकत नाहीत, शीळ घालून एकमेकांना बोलावतात. मामांचा हात थांबला.

"माती टाका, मामा!"

बांधावर तांबडी पाठ दिसली, मग गळ्यातला पट्टा. वासरू पडलं होतं त्या गवताशी ती थांबली आणि तिने नाक खाली घातलं. मी ढेकूळ उचललं, "हाड! हाड!" करत तिच्यावर भिरकावलं. मग दुसरं, तिसरं. जिला जपायचा पगार घेते तिलाच मी ढेकळं मारत होते. एक पाठीत बसलं तशी ती वळली. मागून केळीची पानं हलत गेली आणि सगळा कळप ओढ्याकडे निघाला. मी तिथेच मातीत बसले आणि रडले. किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

मामा मुकाट्याने खड्डा बुजवत होते. तेवढ्या वेळात त्यांचा कुत्रा कुठे होता, ते आम्हा दोघांनाही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात चहा सांगितला, स्क्रीन उघडली. ठिपका डोंगरावर चढत होता. मामांचा फोन आला.

"बेटी, आपला कुत्रा गेला. बांधावरचं औषधाचं गवत चाटलं त्यानं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुही कुत्री बरी आहे ना?" मामांनी विचारलं.

हो म्हणायची लाज वाटली.

"हो, मामा," मी म्हणाले.