‘येस सर’ न म्हणायला शिकवणारे सर

माझ्या एका ‘येस सर’ची किंमत अशी पडली: तीनशे ब्रॅकेट पुन्हा घासून काढावे लागले, चार कामगारांचा आठवडा वाया गेला आणि शिरूरच्या ज्या कारखान्याने मला पहिलं काम दिलं, त्याने दुसरं देताना हात आखडता घेतला. तिथले परदेशी साहेब म्हणाले होते, ‘होल्ड ऑफ ऑन द पेंट.’ म्हणजे रंग इतक्यात देऊ नका. मला ‘पेंट’ तेवढं कळलं. ‘येस सर’ म्हणत मान हलवली आणि वरवंडच्या माझ्या शेडमध्ये सगळा माल रंगवून टाकला.

त्याच आठवड्यात मी खुटबावला भानुदास दोरगे सरांच्या ओट्यावर जाऊन बसलो. हीच आमची पहिली ओळख. इंग्रजीचे शिक्षक म्हणून सर नुकतेच निवृत्त झाले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “कळलं होतं का?”

“न्हाई.”

“मग ‘येस’ कशाला म्हणालात?”

“साहेबाला न्हाई कसं म्हणायचं, सर?”

“शेठ, दुखणं इंग्रजीचं नाही, मानेचं आहे. रविवारी या.”

रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात कंपन्यांत जाणारे वीस-पंचवीस जण जमत. फी नव्हती, नियम एकच: ‘येस’ म्हणायचं नाही, ऐकलेल्या वाक्यावर आपण काय करणार, ते सांगायचं. ‘टेक ऑफ’चा अर्थ विचारला की सर उलट विचारीत, “कोण बोललं? कुठं उभं राहून?” विमानतळावर विमान उडतं, मशीनपाशी झाकण काढायचं असतं आणि सुपरवायझर सोमवारबद्दल बोलत असेल, तर तो रजेवर चालला.

एकदा पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या, राहूच्या सुनीताताई म्हणाल्या, “सर, आमचा साहेब सारखा ‘माय बॅड’ म्हणतो. काय वाईट झालंय त्याचं?”

हशा पिकला. सर मात्र म्हणाले, “मला माहीत नाही. पुढच्या रविवारी सांगतो.” उभा जन्म इंग्रजी शिकवलेल्या माणसानं हे भर वर्गात म्हणावं! आणि पुढच्या रविवारी आल्या आल्या सांगितलं, “चूक माझी, एवढंच. म्हणून बघा, हलकं वाटतं.”

सोमवारी मी शिरूर गाठलं आणि साहेबांना तेच म्हणालो. ते हसले. पन्नास नगांची शेवटची संधी दिली आणि माल पाहायला स्वतः शेडवर आले. सरही आले होते, कोपऱ्यात स्टुलावर चहा घेत बसले. साहेब भरभर बरंच बोलले. माझी मान हलायला लागली, तेवढ्यात सर खाकरले. मी विचारलं, “म्हणजे आज वेल्डिंग करू, ड्रिल उद्या?” साहेब म्हणाले, “नो, नो, ड्रिल फर्स्ट.” पन्नास नग वाचले. काम टिकलं. आज त्या शेडवर चाळीस घरं चालतात. परदेशी साहेब तासभर बोलला तरी त्याचा एकही शब्द आपल्या कानातून सुटत नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगतो.

सर पंचाहत्तरीत आले. त्यांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत आणि रविवारचा व्हरांडा कधी रिकामा न राहो.

जाता जाता खरं सांगतो. परवाच्या व्हिडिओ कॉलवर मी साहेबाला चार वेळा विचारलं, “म्हणजे मी नक्की काय करू?”