औषधाचा वारंगुळा

डॉ. गिरिजाताई कोरके यांची आणि माझी पहिली भेट येडशीत, माझ्या ओसरीवर झाली. दुपारची गाडी शीळ घालून गेली होती आणि मी, निवृत्त मराठी शिक्षक, शाळेतली एक जुनी कविता पुटपुटत डुलक्या घेत होतो. "सर, थोडं मराठी उसनं न्यायला आले," म्हणत त्या पायरीवरच टेकल्या. मोठ्या औषध कंपनीतल्या अधिकारी बाई, आणि बसल्या माझ्या पायरीवर! सतरंजी आणायला मी आत गेलो, तोवर आमच्या मंडळींशी ताईंच्या ढोकीतल्या माहेराच्या गप्पा रंगल्यासुद्धा.

ताई यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांचं काम नेमकं काय, हे त्या दुपारी मला कळलं. माझी समजूत अशी, की औषध कंपनी सगळं आपल्याच प्रयोगशाळेत शोधते. "नाही हो सर," त्या म्हणाल्या, "एखादं रसायन विद्यापीठात कुणाला सापडतं, ते तपासायची युक्ती दुसऱ्याच छोट्या प्रयोगशाळेला साधते. कारखाना आमच्याकडं. ह्यांची गाठ घालून द्यायची, हे माझं खातं. आपला वारंगुळाच की!"

वारंगुळा! किती वर्षांनी तो शब्द कानी पडला. एकच बैल असणाऱ्यानं शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जमवायची. आज तुझं रान, उद्या माझं. औषधाच्या शोधातही तेच चालतं, हे ऐकून मी थक्क झालो.

दुसऱ्याच आजारासाठी शोधलेली, तिथं लागू न पडलेली म्हणून एका परदेशी कंपनीनं बाजूला ठेवलेली एक गोळी होती. सापाच्या विषाला आवर घालायचा गुण तिच्यात असावा, असं एका छोट्या प्रयोगशाळेला दिसलं. ताईंनी दोघांना एकत्र आणलं आणि आपली कंपनीही जोडली. उसात घोणस चावली, की दवाखाना गाठेपर्यंत विष भिनतं. नेहमीच्या इंजेक्शनाच्या जोडीला ही गोळी दिली तर माणूस तगेल का, हे आपल्या भागात पाहायचं होतं. त्याचं माहितीपत्रक सोप्या मराठीत लिहायला त्या माझ्याकडं आल्या होत्या. मी मोठ्या हौसेनं मथळा दिला, 'संजीवनी'. ताईंनी हळूच तो खोडला. "सर, संजीवनी म्हणजे उत्तर झालं. आपला तर अजून प्रश्नच चालू आहे." एवढी नेमकी काव्यसमीक्षा मी आयुष्यात ऐकली नव्हती.

मग ढोकीजवळच्या एका गावात, देवळाच्या मंडपात बैठक झाली. चावल्यावर विचारायला वेळ नसतो, म्हणून गावाला आधीच विश्वासात घ्यायचं होतं. ज्यांचा लेक घोणशीनं नेला त्या शेवंताकाकू पुढंच बसल्या होत्या.

"मानसांवर प्रयोग करणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय काकू, प्रयोगच हाय. इंजेक्शन समद्यांना मिळंल. गोळी लागू पडंल का, मला ठावं न्हाय," ताई म्हणाल्या आणि वारंगुळ्याची गोष्ट सांगू लागल्या.

काकूंनी मधेच तोडलं. "वारंगुळा म्हंतीस, मग आमचं रान कवा नांगरायचं? गोळी चांगली निघाली की जायची शहरात, आन आमी हायेच मांत्रिकाच्या दारात!"

"काकू, आधी बैल तरी बघा की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"बैल बघितला रं. मालकाचं काय, ते इचारतीया."

मंडप हसला. ताई हसल्या नाहीत. "आज उत्तर न्हाय काकू. घिऊन येते." संमतीची एकही सही न घेता त्या उठल्या.

तिघा भागीदारांचा करार तयार होता, फक्त त्यांच्या सह्या राहिल्या होत्या. त्यात गावाची अट घाला म्हटल्यावर भागीदार बिथरले. दुसरा जिल्हा बघू, म्हणाले. वरिष्ठांनीही विषय सोडायला सांगितलं. ताईंचा फोन आला, "सर, मोडतंय बहुतेक. तीन दावणींचे बैल एका जुवाला येईनात."

"मग सोडून देता?"

"काकूंना तोंड कसं दाखवू?"

पुढं कित्येक महिने काहीच कळलं नाही. मात्र त्याच दिवसांत माझ्याकडं टपालानं एक पुडकं आलं. माझी नजर अधू झाल्याचं त्यांच्या ध्यानात होतं. शाळेतल्या माझ्या आवडीच्या कविता त्यांनी ठळक, मोठ्या अक्षरांत छापून धाडल्या होत्या. स्वतःचं जू मोडायला आलेलं असताना ह्या बाईंना हे सुचतं कसं?

आणि एक दिवस त्या मंडपात परत आल्या. दुसऱ्या जिल्ह्यातही हाच प्रश्न समोर येईल, हे भागीदारांना आणि वरिष्ठांना पटवण्यात त्यांचे एवढे महिने गेले होते. करारात नवं कलम होतं, ते त्यांनी मराठीत वाचलं: गोळी यशस्वी ठरली, तर जिथं ती तपासली त्या तालुक्यांतल्या सरकारी दवाखान्यांत ती सर्वांत आधी येईल, आणि रुग्णाला फुकट मिळेल.

"परत वाच," काकू म्हणाल्या.

ताईंनी परत वाचलं.

"हां. आता ठिव जू."

तपासणी अजून चालू आहे. गोळी लागू पडेल की नाही, हे आजही कुणाला ठाऊक नाही. ताई तसं स्पष्टच सांगतात. परवा येरमाळ्याच्या स्टँडवर शेवंताकाकू भेटल्या. साठीचा सत्कार आहे म्हटल्यावर बोलल्या, "तिला म्हनावं, जपून ऱ्हा. आमचं रान नांगरायचं ऱ्हायलंय अजून."

गिरिजाताई, ह्याहून मोठा आशीर्वाद माझ्या पोतडीत नाही. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमच्या रानात जोडी उतरेल, तेव्हा बांधावर तुम्ही हव्यात.