एक लाइन, एक आवाज

पडदा वर जाण्याआधीच ऐकू येते ती गुणगुण. कुंपणाआडचे ट्रान्सफॉर्मर एका सुरात घुमत असतात. मग हळूहळू उजेड येतो. एक लांबट खोली. भिंतीला लागून करड्या रंगाची लोखंडी पॅनेलं, त्यांवर लाइन चालू असली की लाल आणि बंद असली की हिरवे होणारे दिवे, आणि प्रत्येक लाइनचा एकेक काळा खटका. मधोमध लाकडी खुर्ची, आणि खुर्चीत, चष्मा कपाळावर चढवून, सबस्टेशनचे ऑपरेटर खटकेमामा.

आडनाव खटके नव्हतं बरं का. आयुष्य खटके फिरवण्यात गेलं म्हणून लोकांनीच बारसं केलं. मामा म्हणण्याचा हक्कही खरं तर एकाच मुलीचा, बहिणीच्या लेकीचा. पण वायरमनपासून पाणीवाल्यापर्यंत सगळ्यांनी तो परस्पर वाटून घेतला होता.

मामांचा एक नियम होता. खांबावर चढण्याआधी वायरमनने फोन करायचा. मामा लाइन बंद करून खटक्याला लाल पाटी अडकवायचे. काम संपलं, माणसं उतरली, की त्याच वायरमनने पुन्हा फोन करायचा. चिठ्ठी येवो, निरोप येवो, नाहीतर साहेबाचा हुकूम येवो, ज्याने लाइन मागितली त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मामा पाटी काढत नसत. एक लाइन, एक आवाज. थोरला वायरमन अंगाने उंच आणि काटकुळा, त्याला सगळे शिडी म्हणत. एकदा त्याचा घसा बसला आणि फोनवर त्याच्याऐवजी बायको बोलली. मामांनी त्याला सायकलवरून सबस्टेशनात यायला लावलं, समोर उभं केलं, त्याने मान हलवली तेव्हा कुठे लाइन सुरू झाली. तोवर अख्खी वस्ती घामाघूम होऊन मामांच्या नावाने खडे फोडत होती. शिडीने मात्र त्यानंतर कधी मामांची थट्टा केली नाही. मामांच्या हातून आजवर कुणाला इजा झाली नव्हती, आणि खांबावर चढणाऱ्याला याहून मोठी थोरवी ठाऊक नसते.

मग राज्याने कायदा केला. वीज कंपन्यांनी आपलं जुनं जाळं ठरलेल्या मुदतीत नवं करायचं. खांबाखांबावर यंत्रं बसणार, दूरच्या शहरातल्या कंट्रोल रूममधून लाइन बंद-चालू होणार, आणि सबस्टेशनांना कुलपं लागणार. एकच फट होती. तपासणी करणाऱ्या साहेबांनी ‘इथे माणूस लागतो’ असं लिहिलं, तर तिथला माणूस राहील.

मामांनी त्या फटीला जीव लावला. खुर्ची गेली की मागचं राहतं घरही जाणार, आणि मामांना शहरात बिलांच्या खिडकीवर बसावं लागणार. मामींना घराचा घोर नव्हता, नवऱ्याचा होता. “हाताचा खटका सुटला, तर दिवसभर घरातले पंखे चालू-बंद करत बसाल,” असं त्या वरवर हसून म्हणायच्या आणि आत जाऊन डोळे पुसायच्या.

नियतीचा विनोद असा की, त्या कंट्रोल रूममध्ये बसली होती मामांचीच भाची. लहानपणी शाळा सुटली की ती या खोलीच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची. उंबरा ओलांडायची मात्र तिला मनाई होती. आता तिने पाठवलेला पडदा, म्हणजे स्क्रीन, मामांच्या कोपऱ्यात येऊन बसला. कोणत्या लाइनवर कोण काम करतंय, ते त्यावर उमटायचं. मामांनी त्याला मामींकडून कापडी खोळ शिवून घेतली. धूळ बसू नये म्हणे. धुळीचं नुसतं नाव.

तपासणीच्या दिवशी साहेब सकाळीच आले. वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ. शिडी एका खांबावरची, तार पेलणारी फुटलेली चिनीमातीची वाटी बदलायला गेला होता, लाइन बंद होती, लाल पाटी लटकत होती. मामांनी साहेबांना आपला नियम समजावला. रंगात आले होते. यंत्राला आवाज ओळखता येतो का, असं त्यांनी दोनदा विचारलं.

फोन वाजला. शिडी म्हणाला की सगळे उतरले, लाइन सोडा. मामांनी त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, साहेबांकडे एकदा पाहिलं, पाटी काढली आणि खटका फिरवला.

काहीच झालं नाही. हिरवा दिवा हिरवाच राहिला.

मामांनी पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उजळला. जे त्यांना दाखवायचं होतं, ते यंत्राने स्वतःच दाखवलं होतं: शहरातून अडकलं, की इथे माणूसच लागतो. पॅनेलच्या बाजूला एक किल्ली होती. ती फिरवली की शहराचा ताबा सुटून सगळा कारभार मामांच्या हाती येत असे. त्यांनी किल्लीवर हात ठेवला. तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि साहेबांनी उचलून तो मामांच्या कानाशी धरला.

“मामा, हात काढा.” भाचीचा आवाज होता; खटका दोनदा फिरलेला तिला शहरातून दिसला होता, आता मामा किल्लीकडे वळणार हे ती ओळखून होती.

“अगं, मी स्वतः आवाज ऐकलाय. शिडी उतरलाय.”

“शिडीकाका उतरलेत. ठेकेदाराची माणसं पलीकडच्या टोकाला नवं यंत्र बसवतायत, ती अजून वर आहेत. लाइन मी अडवून ठेवलीय. स्क्रीनवर बघा ना.”

मामांनी किल्लीवरचा हात काढला. कोपऱ्यात जाऊन खोळ उचलली. पडद्यावर त्यांच्या लाइनवर दोन लाल खुणा होत्या. एक शिडीची, ती बघता बघता पुसली गेली. दुसरी अशा माणसांची, ज्यांचा आवाज मामांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. त्या माणसांनी परवानगी कंट्रोल रूमकडून घेतली होती. या खोलीत कुणी मामा बसतो, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

मामा खुर्चीत बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. भाची फोनवर अजून होती. मग तिने विचारलं, “मामा, पाणी घेतलंत?” मामांनी हो म्हटलं. घेतलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने ठेकेदाराची माणसं उतरली, दुसरी खूण पुसली गेली, आणि दिवा हिरव्याचा लाल झाला. या वेळी खटक्याला कुणाचाच हात लागला नव्हता.

साहेब मनाचे मोठे होते. कागदावर पेन ठेवून ते म्हणाले की, घडायचं होतं ते घडलं नाही, आणि शेवटी तुम्हाला थांबवलं तेही माणसाच्याच आवाजाने. तेव्हा माणूस लागतो, असं ते खुशाल लिहू शकतात. खोटंही ठरणार नाही.

दारात मामी चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आधी कपबशीकडे पाहिलं, मग हलकेच होकारार्थी मान हलवली. मामांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

पुढे बिलांच्या खिडकीवर मामा लोकांशी पुष्कळ बोलले असतील. पण त्या खोलीत ते शेवटचं बोलले, ते असं:

“साहेब, एवढे उपकार करू नका. उद्या माझ्यासारखाच कुणी इथे बसला, तर त्या पोरांनी कुणाच्या भरवशावर वर चढायचं?”